धक्क्याच्या भिंतीवर बसलेल्या इसमाची नोंद होणेबाबत

प्रति,
माननीय प्रमुख सर्वेक्षक,
मासेमारी नौका सुरक्षा व अपघात चौकशी कार्यालय,
डब्लिन, आयर्लंड.

(मार्फत : कल्याण कक्ष, भारतीय वकिलात, दुबई)

अर्जदार : विनिता नागेश तारी, वय २८, शिक्षण बी.ए. (भूगोल), नोकरी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट, राहणार करामा, दुबई.

विषय : 'सेंट फिन्टन' या नौकेच्या अपघात अहवालात नौकेवरील माणसांची संख्या पाचऐवजी सहा करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ३ मार्च २००३ व सोबतचा मसुदा अहवाल, परिच्छेद ९, १४ व २२.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविते की, कुटुंबीयांनी आपले म्हणणे अठ्ठावीस दिवसांत स्वतःच्या भाषेत मांडले तरी चालेल, भाषांतर कार्यालय करून घेईल, असे आपल्या पत्रात लिहिले आहे. त्या सवलतीचा लाभ घेऊन हा अर्ज मराठीत करीत आहे. मला इंग्रजी येते. यापूर्वी इंग्रजीत तीन अर्ज केले व तिन्हींची छापील पोच आली. वकिलातीतील श्रीमती अर्चना रेगे यांनी ते तिन्ही वाचले आणि म्हणाल्या, "विनिता, इंग्रजीत तू फार शहाण्यासारखं लिहितेस. वाचणाऱ्याला कळत नाही तुझं काय गेलंय ते. मराठीत लिही."

माझ्या नावामागे काही लावलेले नाही, ती नजरचूक समजू नये. आमच्यात नवरा हयात असेल तर बाईच्या नावामागे सौ. लिहितात, नसेल तर श्रीमती. दोहोंपैकी मी काय लिहावे हे आपल्या परिच्छेद २२ वर अवलंबून आहे. तोवर जागा रिकामी ठेवली आहे.

१. माझे पती श्री. नागेश सोमनाथ तारी, वय ३३, मूळ राहणार आचरा, तालुका मालवण. घरचा धंदा मासेमारीचा. सन १९९७ पासून ते फुजैरा येथे नांगरलेल्या जहाजांना सामान पोहोचविणाऱ्या लाँचवर खलाशी होते. जानेवारी २००२ मध्ये त्यांच्या कंपनीने जहाजे ओढणारा एक जुना टग आयर्लंडला विकला व तो पोहोचविण्यासाठी जे सात जण गेले त्यांत ते होते. टग रॉसडारा बंदरात दिला, सहा जण विमानाने परत आले. माझे पती राहिले. धक्क्यावर उभे असता त्यांनी शेजारच्या बोटीचे फाटलेले जाळे सहज हातात घेऊन शिवून दिले, ते 'सेंट फिन्टन'च्या कप्तानांनी पाहिले आणि ठेवून घेतले. कागद करून देतो म्हणाले. कागद होत होते. दर फोनला मी विचारत असे आणि दर फोनला ते होत होते.

२. दि. २६ नोव्हेंबर २००२ रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ही बोट बुडाली. त्याबद्दल आपल्या अहवालात लिहिले आहे की, बोटीचा परवाना पाच माणसांचा, खलाशांच्या यादीत नावे पाच, बंदराच्या नोंदवहीत पाच, दि. १८ सप्टेंबरच्या सुरक्षा तपासणीत माणसे पाच व लाइफ जॅकेटे पाच, आणि तराफ्यातून वाचविलेले इसमही पाच (परिच्छेद ९ व १४). पुढे परिच्छेद २२ मध्ये आहे की, वाचलेल्यांपैकी दोघांच्या म्हणण्याप्रमाणे 'नॅग' या नावाने ओळखला जाणारा आणखी एक इसम बोटीवर होता, परंतु कोणत्याही नोंदीवरून त्यास दुजोरा मिळत नाही, सबब बोटीवरील व्यक्तींची संख्या पाच धरण्यात येते व जीवितहानी निरंक.

मी हा परिच्छेद दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत वाचला. निरंक हा शब्द मी मराठीत घातला आहे, आपल्याकडे नुसते शून्य आहे. सगळीकडे पाच जुळतात हे खरे. हिशेब इतका स्वच्छ आहे की वाचणाऱ्याला बरे वाटावे. साहेब, तो जुळतो याचे कारण आपणांस ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तेच सांगण्यासाठी हा अर्ज आहे.

३. आपल्या तपासणी अधिकाऱ्यांचा जबाब अहवालास जोडला आहे. त्यात ते म्हणतात, 'बोटीवर सहावी व्यक्ती मी पाहिली नाही.' हे विधान शंभर टक्के खरे आहे. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. सहावी व्यक्ती त्या वेळी बोटीवर नव्हती. ती धक्क्याच्या भिंतीवर बसली होती व अधिकाऱ्यांनी तिला गोळी दिली.

पतींचे दि. २१ सप्टेंबर २००२ चे पत्र जोडले आहे. त्यातला मजकूर येथे उतरवून देते :

"विने, बुधवारी इथेही बलदिया आली. खरंच. मी जाळं शिवत बसलो होतो, तर धक्क्यावर पांढरी गाडी थांबली आणि पिवळं जॅकेट घातलेला तांबड्या मिशांचा साहेब हातात पॅड घेऊन उतरला. मला कोणी काही बोललं नाही. कप्तान तर खाली इंजिनात होता. पण माझे पायच उठले गो. बूट हातात घेतले, पलीकडच्या शिडीने वर चढलो आणि भिंतीवर जाऊन बसलो, आपल्या पार्किंगच्या भिंतीवर बसतो तसा. अर्ध्या तासाने साहेब वर आला. माझ्याकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, म्हणाला, थंडी आहे. मी म्हटलं, येस सर. त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून दिली. गोळी मी खाल्ली, कागद चेडवाला पाठवतो. हिरवा आहे, चमकतो. हमीदभाईला सांग, इथे बेल वाजवायला माणूस नाही तरी मी पास झालो."

चेडू म्हणजे मुलगी. आमची मिहिका, आता सव्वातीन वर्षांची आहे.

४. बलदिया म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय आपणांस वरील पत्र कळणार नाही. बलदिया म्हणजे येथील नगरपालिका. करामातील आमच्या इमारतीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन कुटुंबे राहतात. कायद्याने राहू नयेत. भाडेपत्र एकाच्या नावे असते, बाकीचे म्हटले तर पाहुणे. इमारतीत माणसे मोजायला बलदियाचे लोक आले की खालून वॉचमन हमीदभाई इंटरकॉम दोनदा वाजवितात. मग जास्तीच्या माणसांनी आपापल्या चपला-बूट हातात घेऊन, दात घासण्याचे ब्रश खिशात टाकून, मागच्या जिन्याने खाली जायचे. चपला हातात, कारण दारात जोड जास्त दिसता कामा नयेत, आणि जिन्यात आवाज होऊ नये. खाली काही विचारले तर दुकानात आलो होतो म्हणायचे. अर्ध्या तासाने परत वर. यात कोणाला लाज वाटत नाही. उलट हसू येते. ही येथली वहिवाट आहे.

माझे पती फुजैऱ्याहून पंधरा दिवसांतून दोन दिवस येत. आमच्या फ्लॅटमधला सगळ्यांत जास्तीचा माणूस तेच. पहिल्यांदा इंटरकॉम वाजला तेव्हा ते भात कालवत होते. म्हणाले, मी कशाला जाऊ, माझा व्हिसा आहे, मी काय चोर आहे? त्यांना मी समजावले, महोदय. मी. बूट त्यांच्या हातात मी दिले. सांगितले की, समोर पार्किंगची बुटकी भिंत आहे, तिच्यावर बसा, म्हणजे मला खिडकीतून दिसाल, गाडी गेली की पडदा हलवते. पुढे मला सांगावे लागले नाही. इंटरकॉम वाजला की ते न बोलता उठत. पाच वर्षांत बहुधा नऊ-दहा वेळा. आमच्या फ्लॅटमधल्या सायरा त्यांना म्हणायच्या, "नागेशभाई, तुम तो बेल से पहले उतर जाते हो."

तर रॉसडाराच्या धक्क्यावर बेल वाजली नाही तरी ते उठले. त्यांना कप्तानांनी लपविले नाही. ही गोष्ट कप्तानांच्या बाजूची आहे व त्यांचे वकील तिचा उपयोग करतील, असे अर्चनाताईंनी मला दोनदा बजावले. करू द्यावा. कप्तानांचे जे चुकले ते आपण अन्यत्र लिहिलेच आहे. परंतु त्या दिवशी माझा नवरा आपल्या मोजणीतून उठून गेला तो माझ्या शिकवणीने, हे अहवालात असावे.

५. पत्रानंतरच्या रविवारी त्यांचा फोन आला. तो संपूर्ण फोन आठवणे मला भाग आहे, कारण तो मी रोज आठवते. ते म्हणाले, "तो साहेब बरा वाटला गो. पुढच्या वेळी आला तर सांगून टाकू का, मी पण आहे म्हणून?" मी म्हटले, "काहीही सांगू नका. कागद होईपर्यंत गप्प राहा. परत पाठवतील तुम्हाला." ते म्हणाले, "पाठवले तर येईन ना घरी." मी म्हटले, "आणि मग?"

त्यावर ते हसले आणि म्हणाले, "असूंदे." पुढे मिहिकाला फोन दिला.

परत पाठवतील, ही मला त्या वेळी सर्वांत वाईट गोष्ट वाटत होती.

६. जॅकेटांविषयी. बोटीवर जॅकेटे पाच व माणसे सहा, हे माझ्या पतींना माहीत होते. त्यांनी ते मला सांगितलेही होते, काळजी म्हणून नव्हे, गंमत म्हणून. आयर्लंडमधील जुन्या मासेमारांना पोहता येत नाही, असे ते म्हणत. जन्म समुद्रावर घालवायचा आणि पोहायला शिकायचे नाही, याचे त्यांना फार नवल. "पाच जणांना पोवता येणा नाय, माका येता. म्हणान जॅकेटा पाच. हिशेब बरोबर आसा." आचऱ्याच्या खाडीत ते पाच वर्षांचे असल्यापासून पोहत. फुजैऱ्याला लाँचवरून पडलेली दोरी काढायला कपड्यांसकट उडी मारत आणि वर येऊन चहा मागत. पाणी म्हणजे पाणी, असे ते धरून चालले.

आणि मी बी.ए. भूगोल आहे. कॉलेजात आम्हाला प्रश्न असे : आयर्लंडची बंदरे हिवाळ्यात का गोठत नाहीत? उत्तर : उष्ण सागरी प्रवाहामुळे. त्याला पाच गुण असत. मी ते उत्तर नकाशासह लिहीत असे, लाल बाण काढून. थंडी फार आहे असे ते फोनवर म्हणाले तेव्हा मी त्यांना तो प्रवाह समजावून सांगितला. म्हटले, हवा थंड असेल, पाणी तुमच्याकडे उबदार येते. त्यांना पटले. आपल्या अहवालाच्या परिशिष्टात त्या सकाळी पाणी दहा अंश होते व अशा पाण्यात चांगला पोहणाराही फार वेळ हात हलवू शकत नाही, असे आहे. हे मी परिशिष्टात वाचले. पुस्तकात नव्हते.

७. बोट बुडाल्यानंतर चार दिवसांनी दवाखान्यात फोन आला. बोटीवरील वयस्कर खलाशी श्री. डर्मट यांनी नंबर माझ्या पतींच्या पिशवीतून, किनाऱ्यावरच्या खोलीत राहिली होती तिच्यातून, शोधला होता. त्यांचे इंग्रजी मला नीट कळत नव्हते आणि ते सारखे थांबत होते. समोर एक पेशंट तोंडात कापूस घेऊन बसला होता. डर्मट म्हणाले की, तराफा पाण्यात उलटा पडला, तो पोहून जाऊन सरळ केला तो माझ्या पतींनी, कारण दुसऱ्या कोणाला पोहता येत नव्हते. एकेकाला आत चढविले. पाचवे डर्मट. ते आत आल्यावर त्यांनी मागे वळून हात दिला. दोरीला कोणी नव्हते. मी त्यांना विचारले, ते काही बोलले का. डर्मट म्हणाले, ते मोजत होते. प्रत्येकाला आत ढकलताना आकडा म्हणत होते, त्यांच्या भाषेत. शेवटचा आकडा अजून कानात आहे, पण त्याचा अर्थ ठाऊक नाही. मग तो त्यांनी मला म्हणून दाखविला.

पाच.

श्री. डर्मट यांचा जबाब आपल्याकडे आहे. त्यांनी मोजणीची गोष्ट आपणांस सांगितली नसावी, कारण कोणी विचारली नसेल.

८. आपण म्हणाल, आकडा बदलून बाईंना काय मिळणार. येथे मिहिकाचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे व तो दि. ३० एप्रिल रोजी संपतो. नूतनीकरणासाठी बापाचे ना-हरकत पत्र लागते, किंवा बापाचा मृत्यूचा दाखला. दाखला आपल्या अहवालाशिवाय निघत नाही आणि आपल्या अहवालात जीवितहानी नाही. टायपिंग सेंटरमधील हमदुल्ला हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी फॉर्म भरता भरता मला सांगितले, "भाभी, टेन्शन मत लो. हसबंड को बोलो एक फॅक्स भेज दे, खलास." मी बरे म्हणून बाहेर आले. रस्त्याच्या कडेला उभी राहून खरोखरच विचार करू लागले की, कोणत्या नंबरवर सांगू. हे मी आपणांस अशासाठी लिहिते की, जो माणूस कोणत्याच वहीत बुडालेला नाही, त्याच्याकडून सगळे जण अजून काही ना काही मागत राहतात. फुजैऱ्याच्या कंपनीने त्यांना टगच्या कामावरून वेळेत परत न आल्याबद्दल लेखी खुलासा मागितला आहे. गावी सासूबाई कृष्णाबाई विचारतात, गणपतीक येतलो मां? त्यांना कोणी काही सांगितलेले नाही. कोणत्या कागदावरून सांगायचे?

९. गेल्या मंगळवारी, दि. १८ मार्च रोजी, संध्याकाळी पाचला इंटरकॉम दोनदा वाजला. मी कपडे इस्त्री करत होते. भाडेपत्र ज्यांच्या नावे आहे त्या उर्मिलावहिनींनी सवयीने आमच्या खोलीचे दार ठोठावले आणि सायरा मुलाला घेऊन जिन्याकडे गेल्यासुद्धा. मी वळून पाहिले तर मिहिका दाराशी उभी होती. दोन्ही हातांत आपल्या चपला, एकेका हातात एकेक. तिला कोणी शिकविले नव्हते. ती म्हणाली, "Mummy, come fast, wall."

मी इस्त्री बंद केली. तिच्या हातातल्या चपला घेतल्या, खाली ठेवल्या, तिच्या पायांत घातल्या. आणि खोलीचे दार उघडे ठेवून खाटेवर बसले.

बलदियाचे गृहस्थ दारात आले. त्यांनी विचारले, "इस कमरे में कितना नफर?" नफर म्हणजे येथे माणूस. माझ्या ओठांवर तीन आले होते. खोटे बोलायचे नाही असे ठरवून बसले होते, म्हणून दोन म्हटले. हा आकडा मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने म्हटला. त्यांनी लिहिला. मी उठून त्यांच्या पॅडवर डोकावून, लिहिला की नाही ते पाहिले. ते रागावले नाहीत.

परिणामी आमच्या फ्लॅटला नोटीस लागली असून आम्हा जास्तीच्या दोन कुटुंबांना दि. ३१ मार्चपर्यंत जागा सोडावयाची आहे. उर्मिलावहिनी माझ्याशी बोलत नाहीत. शेवटचे बोलल्या ते, "एवढं खरं बोलायचं होतं तर स्वतःच्या घरात बोलायचं." त्यांचे बरोबर आहे. सायरांची मी क्षमा मागितली, त्यांनी मिहिकाचे वाळत घातलेले कपडे घडी करून दिले. सबब यापुढील पत्रव्यवहार माझ्या दवाखान्याच्या पोस्ट बॉक्सवर करावा, पत्ता खाली दिला आहे. तसेच सध्या शेजारी युद्ध सुरू असल्याने टपाल रेंगाळते, हा अर्ज मुदतीनंतर पोहोचल्यास तो मुदतीतच टाकला होता हे वकिलातीच्या शिक्क्यावरून पाहावे.

१०. तरी माझी विनंती अशी की, परिच्छेद ९ व १४ मध्ये जेथे जेथे माणसे पाच आहेत तेथे सहा करावे. परिच्छेद २२ मध्ये 'नॅग' असे न लिहिता नागेश सोमनाथ तारी असे पूर्ण लिहावे, त्यांना अर्ध्या नावाने कोणी हाक मारत नसे. तपासणी अधिकाऱ्यांना पुन्हा बोलावून फक्त एवढेच विचारावे की, त्या दिवशी धक्क्याच्या भिंतीवर एक अनवाणी माणूस बसला होता आणि आपण त्याला गोळी दिली, हे आठवते का. आठवत नसेल तर त्यांना दोष देऊ नये. चांगल्या माणसांना आपण कोणाला काय दिले ते लक्षात राहत नाही. पण आठवले, तर ते लिहून घ्यावे, कारण आपल्या देशाच्या सरकारने माझ्या नवऱ्याला पाहिले होते याचा तेवढा एकच पुरावा आहे.

आणखी एक. यापुढे आपले अधिकारी बोट तपासायला जातील तेव्हा बोटीवरची माणसे मोजून झाल्यावर त्यांनी एकदा धक्क्याच्या भिंतीवरही पाहावे. तेथे कोणी चपला-बूट हातात घेऊन बसलेला दिसला, तर त्याला हाताला धरून खाली आणावे आणि त्याच्या अंगावर जॅकेट चढवून मग आकडा लिहावा. तो नको म्हणेल. त्याच्या घरच्यांनीच त्याला तसे सांगितलेले असेल.

नकाशात आपला देश लाल बाणाच्या टोकाशी आहे, एवढेच मला आपल्याविषयी माहीत. आपल्या हातून हे व्हावे.

आपल्या एका आकड्याची वाट पाहणारी, नम्र,

(सही)
विनिता नागेश तारी

ठिकाण : करामा, दुबई
दिनांक : २४ मार्च २००३

पत्रव्यवहाराचा पत्ता : द्वारा डॉ. मनोरमा यांचा दातांचा दवाखाना, पोस्ट बॉक्स, करामा, दुबई (नंबर वकिलातीच्या पाकिटावर आहे).

सोबत जोडलेले कागद :

१) पतींचे दि. २१ सप्टेंबर २००२ चे पत्र, पाने तीन, नक्कल.
२) पतींच्या पासपोर्टची नक्कल व एक फोटो. फोटो फुजैऱ्याच्या लाँचवरचा आहे, हसत आहेत ते.
३) जानेवारी २००२ मध्ये फुजैऱ्याहून निघालेल्या टगवरील खलाशांची यादी. त्यांचे नाव चौथे आहे.
४) आमच्या विवाहाचा दाखला, नक्कल.
५) मिहिकाचा जन्मदाखला, नक्कल. वडिलांच्या रकान्यात सही त्यांच्या हातची आहे.
६) पेपरमिंटच्या गोळीचा हिरवा कागद, झेरॉक्स. झेरॉक्समध्ये काळा दिसतो. मूळ कागद मुलीच्या उशीखाली आहे, ती देत नाही.

एकूण जोडपत्रे सहा. कृपया मोजून घ्यावीत.